निळ्या बॅगेतली हुडहुडी

"बाहेर काढा! मला बाहेर काढा! आत घामाचं तळं झालंय!"

खेळाच्या सामानाच्या दुकानात, रॅकेटच्या कपाटापुढे, एक पिवळीधमक स्लीपिंग बॅग जमिनीवर गडबडा लोळत होती. आवाज तिच्या पोटातून येत होता आणि तो बटणचा होता.

"चेन कुठे आहे?" लांब्याने वाकून विचारलं.

"मला काय माहीत! मी आत आहे! बाहेर तू आहेस!"

टाचणीने बॅग उलटी केली, चेन शोधली आणि सर्रकन खाली ओढली. बटण टोमॅटोसारखा लाल होऊन बाहेर आला. त्याच्या कपाळावरचे केस ओलेचिंब झाले होते.

"पाच मिनिटांत हे हाल!" तो धापा टाकत म्हणाला. "रात्रभर झोपलो तर सकाळी माझं सूप होईल!"

टाचणी ही बटणची थोरली बहीण. दोघांची ही नावं त्यांच्या आजोबांनी ठेवली होती. आजोबा शिंपी. नात बारीक आणि टोकदार, म्हणून टाचणी. नातू गोलमटोल आणि सारखा हरवणारा, म्हणून बटण. शिंप्याच्या घरात आणखी कसली नावं मिळणार! लांब्या टाचणीच्या वर्गातला. गेल्या वर्षभरात तो इतका वाढला होता, की त्याची आई त्याला पँट शिवायला टाकताना "दोन महिन्यांनंतरच्या मापाची शिवा" असं सांगायची. आणि चौथी होती वकील. ती काही खरी वकील नव्हती, सातवीत होती. पण तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलं नव्हतं. तिची आजीसुद्धा नाही.

शाळेला हिवाळ्याची सुट्टी लागली होती. चार दिवसांनी सव्वीस मुलं डोंगरावर तंबूत राहायला जाणार होती. तिथे पहाटे पारा शून्याखाली सात-आठपर्यंत घसरतो, असं खेळाच्या सरांनीच वर्गात सांगितलं होतं. स्लीपिंग बॅगा आणि स्टोव्ह निवडायची जबाबदारीही सरांचीच. पण सर आता दुकानदारकाकांच्या शेजारी स्टुलावर बसून चहा पीत होते आणि निवडायचं काम या चौघांवर आलं होतं.

"सर, ही पिवळी बॅग भलतीच गरम आहे," टाचणी म्हणाली. "हीच घेऊ या."

"वेडी की काय!" सर म्हणाले. "लेबल वाच लेबल!"

पिवळ्या बॅगेवर पिवळं लेबल होतं. 'अधिक दहा अंश. उन्हाळी वापरासाठी.' शेजारच्या निळ्या बॅगेवर निळं लेबल होतं. 'उणे दहा अंश. कडाक्याच्या थंडीसाठी.'

टाचणी निळ्या बॅगेत शिरली. आत चादरीत शिरल्यासारखं वाटलं. लांब्या दुकानाचं दार उघडून उभा होता आणि बाहेरचा वारा तिच्या पोटऱ्यांना सरळ लागत होता.

"काका, हिच्यातून वारा आत येतोय," ती म्हणाली.

दुकानदारकाका हसले. त्यांच्या मिशा झुपकेदार होत्या आणि हसताना त्या दोन्ही बाजूंनी वर जायच्या. "हेच तर नवं तंत्रज्ञान आहे, बाळा! जुन्या काळी जाड ती गरम. आता बरोबर उलटं. जितकी पातळ, तितकी ऊबदार!"

"मग काहीच पांघरलं नाही तर सगळ्यात जास्त ऊब येत असेल, नाही का काका?" वकिलाने विचारलं.

"ए वकील, गप्प बस!" सर म्हणाले. "लेबलवर छापलेलं आहे ना? छापलेलं म्हणजे छापलेलं. शिवाय निळा रंग फोटोत छान दिसतो. काका, सव्वीस निळ्या बाजूला काढा. सत्ताविसावी माझी. नाही घेतली तरी चालेल म्हणा! तुमच्या वयाचा असताना मी बर्फात एका चादरीवर झोपलोय."

"कुठल्या बर्फात, सर?" बटणने डोळे मोठे करून विचारलं.

"बर्फात म्हणजे बर्फात!" सर म्हणाले आणि त्यांनी विषय बदलला. "आता स्टोव्ह."

काकांनी खिशात मावेल एवढा गॅसचा छोटा स्टोव्ह एका डब्यावर बसवला आणि काडी लावली. निळी ज्योत 'हुंऽऽ' करत भडकली. मुलांच्या तोंडून "वाऽऽ!" निघालं. कोपऱ्यात पंपाचे चार जुनाट स्टोव्ह धूळ खात पडले होते. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"हा घेऊन तंबूच्या आतच पेटवायचा," सर खूश होऊन म्हणाले. "रांधणंही होईल आणि ऊबही मिळेल. एका दगडात दोन पक्षी!"

वकिलाच्या मनात शंभर प्रश्न होते. पण टाचणीने तिला चिमटा काढला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, आम्हाला सरावासाठी एक निळी बॅग, एक पिवळी आणि हा स्टोव्ह नेता येईल? उद्या परत आणून देऊ."

"खुशाल न्या!" काका म्हणाले. त्यांच्या मिशा पुन्हा वर गेल्या.

दुकानाबाहेर आल्याबरोबर वकील भडकली. "चिमटा का काढलास? मी त्यांना दोन मिनिटांत गप्प केलं असतं!"

"गप्प करून काय फायदा? सर लेबलच दाखवत बसणार," टाचणी म्हणाली. "मला बॅगेचंच तोंड उघडायचंय. खरी थंडी कुठे मिळेल?"

सगळे एकदम लांब्याकडे वळले. लांब्याला कळायला थोडा वेळ लागला, कारण कुठलीही गोष्ट त्याच्या डोक्यापर्यंत पोचायला बरीच उंची चढावी लागते, असं वकील म्हणायची.

"मावशी!" तो शेवटी ओरडला. "माझी मावशी! वाटाणे!"

लांब्याची मावशी एका शीतगृहात सुपरवायझर होती. तिथे गोठवलेल्या वाटाण्यांची हजारो पोती छतापर्यंत रचलेली असायची. बाहेरच्या खोलीत उणे पाच आणि आतल्या खोलीत उणे अठरा. मावशी उन्हाळ्यातही कानटोपी घालून कामावर जायची. बसमधले लोक तिच्याकडे बघत राहायचे.

"आत खेळायचं नाही, पळायचं नाही आणि माझ्या वाटाण्यांना हात लावायचा नाही," तिने दारातच बजावलं. मग तिने चौघांच्या अंगावर जाडजूड कोट चढवले. बटणचा कोट जमिनीवरून लोळत होता. लांब्याच्या कोटाच्या बाह्या कोपराच्या जरा खालीच संपत होत्या.

मुलांनी पाण्याच्या दोन सारख्या बाटल्या आणल्या होत्या. मावशीच्या ऑफिसातल्या किटलीतलं गरम पाणी टाचणीने दोन्हींत गळ्यापर्यंत भरलं. वकिलाने थर्मामीटर बुडवून आकडा वाचला.

"दोन्ही साठ अंश. लिहून घे, बटण!"

"पेन कुठाय?"

"तुझ्या कानावर!"

एक बाटली निळ्या बॅगेत गेली, दुसरी पिवळीत. दोन्ही बॅगांची तोंडं घट्ट आवळून त्या आतल्या खोलीत, उणे अठरात, शेजारी शेजारी ठेवल्या. स्टोव्हचा गॅसचा डबाही त्यांच्याजवळ ठेवला.

"डबा ठेवा, पण आत काडी ओढाल तर खबरदार!" मावशी म्हणाली. "पेटवायचं ते अंगणात."

"सर तर तंबूत पेटवणार आहेत," बटण सहज बोलून गेला.

मावशीचे डोळे विस्फारले. "बंद तंबूत? अरे, आग लागेल ती लागेलच, पण नाही लागली तरी विषारी वायू कोंडतो! त्याला ना वास, ना रंग. माणूस झोपतो तो झोपतोच! कोण आहेत हे तुमचे सर? मला भेटायचंय त्यांना!"

"भेटवू, मावशी," टाचणी विचार करत म्हणाली. "नक्की भेटवू."

दोन तास मावशीच्या ऑफिसात पत्ते खेळण्यात गेले. वकील तीन डाव हरली आणि तिन्ही वेळा पत्तेच चुकीचे वाटले गेले होते हे तिने सिद्ध करून दाखवलं. मग मावशीने घड्याळ पाहिलं आणि सगळे कोट घालून आत धावले.

निळ्या बॅगेतली बाटली हातात घेताच टाचणीने भुवया उंचावल्या. थर्मामीटर बुडवला.

"एकवीस!"

पिवळीतली बाटली अजून छान गरम होती.

"त्रेचाळीस!" लांब्या एवढ्याने ओरडला, की मावशीने वाटाण्यांकडे काळजीने पाहिलं.

"एकवीस आणि त्रेचाळीस," वकील सावकाश म्हणाली. "म्हणजे 'उन्हाळी' पिवळी बॅग 'कडाक्याच्या थंडीच्या' निळ्या बॅगेच्या कितीतरी पट चांगली आहे. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा!"

मग गॅसचा डबा घेऊन सगळे अंगणात पळाले. मावशीनेच स्टोव्ह बसवला आणि काडी लावली. दुकानात हुंकार भरणारा तो स्टोव्ह आता नुसता 'फुस्स' म्हणाला. काडीच्या टोकाएवढी एक ज्योत दिसली, थरथरली आणि विझली. दुसरी काडी. फुस्स. तिसरी काडी. फुस्ससुद्धा नाही!

"या जातीचा गॅस थंडीत डब्याच्या तळाशीच बसून राहतो. वर यायलाच तयार नसतो," मावशी म्हणाली. "आमच्या कामगारांचाही अनुभव आहे. थंडीत त्यांना पंपाचा स्टोव्हच लागतो."

"शहाणा गॅस आहे," बटण म्हणाला. "थंडीत मीपण उठत नाही."

मुलांनी तडक सरांचं घर गाठलं. सर दिवाणखान्यात सामना बघत होते. वकिलाने सगळे आकडे धडाधड सांगितले. सरांनी टीव्हीवरची नजर न हलवता मान डोलावली.

"छान, छान. पण कॅम्पला कोण येणार आहे? मुलं की बाटल्या? बाटली म्हणजे माणूस नव्हे! आणि लेबल काय खोटं बोलेल?"

"सर, पण..."

"आऊट! अरे हा कसला आऊट!" सर टीव्हीवर ओरडले. मुलांचं बोलणं तिथेच संपलं.

चौघंही उतरलेल्या चेहऱ्यांनी सरांच्या पायरीवर बसले.

"लेबल खोटं कसं असेल, हाच प्रश्न आहे," वकील म्हणाली. "माझा संशय दुकानदारावर. मुद्दाम बदलली असणार!"

"मुद्दाम? त्यांना स्वतःलाच काही कळत नाही," लांब्या म्हणाला. "पातळ ती गरम म्हणे!"

टाचणीने निळी बॅग मांडीवर घेतली होती आणि ती लेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. बॅगेची बाकीची शिवण मळकट धाग्याची होती. लेबलाची शिवण मात्र कोरी करकरीत. आणि प्रत्येक कोपऱ्यावर टाका दोनदा मागे जाऊन मग पुढे वळला होता. पक्का, सुबक, जन्मात न उसवणारा टाका.

तिचं बोट थांबलं.

"काय झालं?" बटणने विचारलं.

"काही नाही. चल, घरी जाऊ."

घराच्या पुढच्या खोलीतच आजोबांचं दुकान होतं. खिडकीशी मशीन, भिंतीला कापडाचे तागे, गळ्यात मापाची टेप, आणि तोंडात दोन टाचण्या धरून बोलायची सवय. टाचणीने बॅग त्यांच्यापुढे धरली.

"आजोबा, हा टाका कुणाचा?"

आजोबांनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या, चष्मा सारखा केला आणि त्यांचा चेहरा खुलला. "हा? माझाच! कोपऱ्यावर दोनदा मागे घेऊन कोण शिवतं आजकाल? मागच्या महिन्यात दुकानदाराने साठ बॅगा पाठवल्या होत्या. कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानातला ओला झालेला माल त्याने उचलला होता. लाँड्रीवाल्याने धुताना लेबलं खराब होऊ नयेत म्हणून सगळी काढून ठेवली होती. ती मी लावून दिली. कसं बसलंय बघ! निळ्यावर निळं, पिवळ्यावर पिवळं. डोळ्याला कुठे खटकत नाही!"

बटणने आ वासला. टाचणीला वाटलं, हे ऐकायलाच नको होतं. केवढ्या कौतुकाने सांगत होते आजोबा!

"कुठलं लेबल कुठे लावायचं, हे तुम्ही विचारलं नाही?" तिने हळूच विचारलं.

"विचारलं ना! फोन करून विचारलं. तो म्हणाला, लावा हो शोभतील तशी, लेबल वाचतंय कोण!"

"आणि तुम्ही वाचलं नाहीत?"

"माझा चष्मा तेव्हा दुरुस्तीला गेला होता. रंग तेवढे दिसत होते." आजोबा हसता हसता थांबले. "का गं? काय झालं?"

टाचणीने सगळं सांगितलं. पिवळ्या बॅगेतला घाम, निळ्या बॅगेतला वारा, एकवीस आणि त्रेचाळीस, डोंगरावरचा उणे आठचा पारा. आजोबांचा हात मशीनच्या चाकावर होता, तो तसाच राहिला.

"सव्वीस पोरं?" त्यांनी विचारलं.

"सव्वीस. त्यात आम्हीपण."

मग टाचणी घाईघाईने म्हणाली, "आजोबा, आम्ही तुमचं नाव नाही सांगणार! लेबलं चुकलीत एवढंच सांगू. कुणी लावली ते कुणाला कळायचं कारण नाही. अळीमिळी गुपचिळी!"

"का म्हणून?" आजोबांनी चष्मा काढून पुसला. "टाके माझे आहेत ना? चांगले असताना माझे, आणि चुकले की कुणाचेच नाहीत? असं नसतं. उद्या मीही येतो. पण तुमचे सर ऐकणार कसे? ते तर बाटल्यांवर विश्वास ठेवत नाहीत म्हणतेस."

टाचणीच्या डोळ्यांत पहिल्यांदाच चमक आली. "बाटली म्हणजे माणूस नव्हे, असं ते स्वतःच म्हणालेत. मग माणूसच आत घालू या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता शीतगृहाच्या दारात भली मोठी मंडळी जमली. वकिलाने दुकानदारकाकांना निमंत्रण दिलं होतं. "काका, तुमच्या नव्या तंत्रज्ञानाचं जाहीर प्रात्यक्षिक! फोटोसुद्धा काढणार!" ते ऐकून काका मिशांना तेल लावून आले होते. सरांना टाचणीने एवढंच सांगितलं होतं, की बर्फातल्या झोपेचा अनुभव असलेला माणूस या गावात एकच आहे.

"खरंय ते," सर म्हणाले होते.

मावशी हातात घड्याळ घेऊन उभी होती. "बाहेरचीच खोली. उणे पाच. पंधरा मिनिटं. जास्त गारठलात तर हाक मारा, मी दारातच आहे. आणि वाटाण्यांना धक्का नको!"

जमिनीवर चटई अंथरून तीन बॅगा ठेवल्या होत्या. दोन निळ्या, एक पिवळी. जादा निळी काकांनीच दुकानातून आणली होती. काका एका निळ्या बॅगेत शिरले, सर दुसऱ्या. पिवळ्या बॅगेत बटण गेला.

"आरामात आहे हं!" सर आतून म्हणाले. "बघा! अगदी घरच्यासारखं!"

एक मिनिट झालं.

"कसं वाटतंय, सर?" टाचणीने विचारलं.

"उत्तम!"

तीन मिनिटं झाली.

"काका, ऊब आली का?"

"येईल, येईल. तंत्रज्ञान जरा सावकाश चालू होतं."

सहाव्या मिनिटाला एका निळ्या बॅगेतून टकटक आवाज यायला लागला. लांब्याने कान दिला.

"यंत्राचा आवाज आहे का?"

"नाही," वकील म्हणाली. "सरांचे दात आहेत."

"क-क-कुणाचे दात?" सर म्हणाले. "म-मी गुणगुणतोय!"

"कुठलं गाणं, सर?"

"ज-ज-जुनं आहे!"

आठव्या मिनिटाला काकांची बॅग अळीसारखी वळवळू लागली. नवव्या मिनिटाला त्यांनी चेन ओढायचा प्रयत्न केला. ती इंचभर सरकली आणि अडकली. "उघडा! अहो, उघडा!" म्हणत काका बॅगेसकट उभे राहिले आणि पोत्याच्या शर्यतीत धावतात तशा टुणटुण उड्या मारत दाराकडे निघाले.

"वाटाणे!" मावशी किंचाळली.

काका पोत्यांच्या थप्पीपासून चार बोटांवरून वळले आणि थेट लांब्याच्या अंगावर कोसळले. लांब्याने त्यांना गच्च धरलं. काकांच्या मिशा आता दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होत्या, आणि श्वासाची वाफ गोठून त्यांवर पांढरी भुरभुर पसरली होती. तेवढ्यात सरही बॅगेतून ताडकन उठून बाहेर आले आणि जागच्या जागी धावायला लागले. गुडघे वर, हात पुढे, अगदी पीटीच्या तासाला धावतात तसे.

"एक-दोन, एक-दोन! हुडहुडी भरली हो मला! एक-दोन!"

"सर, सहा मिनिटं बाकी आहेत," टाचणीने नम्रपणे सांगितलं.

"खड्ड्यात गेली सहा मिनिटं!"

"आणि ती चादर? ती बर्फातली?" वकिलाने विचारलं.

सरांनी धावणं थांबवलं. त्यांनी एकदा वकिलाकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. "बर्फ दूरच्या डोंगरावर होता," ते पुटपुटले. "मी खाली धर्मशाळेत होतो. आणि चादरीखाली दोन गाद्या होत्या."

एवढ्या गोंधळात पिवळ्या बॅगेतून मात्र हूं नाही की चूं नाही. टाचणी घाबरून धावली. "बटण! ए बटण!"

बॅगेच्या तोंडातून एक लाल नाक दिसत होतं. नाकातून शांत, लयीत घोरण्याचा आवाज येत होता.

"झोपलाय!" मावशी थक्क होऊन म्हणाली. "उणे पाचात पोरगं घोरतंय!"

बाहेर उन्हात आल्यावर, सर आणि काका दोन्ही हातांत गरम चहाचे पेले धरून बसले. काका अजून कबूल व्हायला तयार नव्हते. "मी काय करू? मी मुळात रॅकेटवाला माणूस! लेबलावर लिहिलेलं सांगतो. लेबलं चुकीची लागली, त्याला मी काय..."

"लेबलं मी लावली."

आजोबा पुढे आले. हातात टाके काढायची उसवणी होती आणि चष्मा नाकावर नीट बसवलेला होता. "साठच्या साठ मी लावली. न वाचता लावली. तुम्हाला मी फोन केला होता. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

काकांच्या तोंडाशी गेलेला पेला थांबला. "लेबल... वाचतंय कोण," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"तुम्ही न बघता सांगितलंत आणि मी न बघता शिवलं. सरांनी न बघता घेतल्या." आजोबा सगळ्यांकडे बघत म्हणाले. "या पोरांनी बघितलं नसतं तर डोंगरावर काय झालं असतं? माझी स्वतःची दोन नातवंडं त्यात होती. मला काल रात्री जेवण गेलं नाही."

सर उठून उभे राहिले. "चूक माझी जास्त आहे," ते म्हणाले. या वेळी दात वाजत नव्हते. "पोरं माझ्या भरवशावर येणार होती. आणि हे चौघं काल सांगायला आले, तेव्हा मी टीव्ही बघत होतो."

"आणि स्टोव्ह तंबूत पेटवणार होता ते?" मावशीने कमरेवर हात ठेवून विचारलं. मग पुढची दहा मिनिटं फक्त मावशी बोलली. सर मान खाली घालून "हो ताई," "नाही ताई," "परत नाही ताई," एवढंच म्हणत राहिले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे दृश्य मन लावून पाहिलं.

ती दुपार आजोबांच्या दुकानात गेली. साठ बॅगा, साठ लेबलं. आजोबांचा टाका जन्मात न उसवणारा, त्यामुळे उसवताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले. काका उसवत होते, सर धागे वेचत होते. बटणकडे लेबलं मोजायचं काम होतं. त्याने ती तीनदा मोजली आणि तीन वेगवेगळे आकडे आले, कारण एक लेबल त्याच्याच पाठीला चिकटलं होतं. संध्याकाळपर्यंत निळी लेबलं पिवळ्या बॅगांवर आणि पिवळी लेबलं निळ्या बॅगांवर गेली. प्रत्येक लेबल लावण्याआधी आजोबा ते मोठ्याने वाचत आणि टाचणी बॅग दाबून बघून "बरोबर" म्हणत होती.

"रंगसंगती मात्र साफ बिघडली," आजोबा उसासा टाकून म्हणाले. "पण असू दे."

सत्तावीस पिवळ्या बॅगा आणि पंपाचे चारही स्टोव्ह शाळेत रवाना झाले. काकांनी स्टोव्ह स्वतः घासूनपुसून लख्ख केले होते.

चौथ्या दिवशी कॅम्प डोंगरावर पोचला. रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी मुलं तंबूतून डोकावली तेव्हा गवताची पाती पांढरी झाली होती आणि बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरला होता. मोकळ्या जागेवर, तंबूंपासून चांगलं वीस पावलं लांब, सर पंपाच्या स्टोव्हला पंप मारत बसले होते. स्टोव्ह भरभर आवाज करत होता आणि दुधाचं पातेलं वाफाळत होतं.

सरांनी शिट्टी वाजवली. सगळी मुलं डोळे चोळत जमली.

"रात्री कुणाला थंडी वाजली? हात वर करा!"

एकही हात वर गेला नाही.

"सर, मला गरम झालं," बटण म्हणाला. "मी मोजे काढले. एक सापडत नाहीये."

हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी चौघांना पुढे बोलावलं. "मुलांनो, ही सगळी झोप या चौघांनी मिळवून दिलेली आहे. मी मोठा असून लेबलाच्या भरवशावर राहिलो. हे लहान असून थर्मामीटर घेऊन गेले. टाळ्या!"

टाळ्यांनी डोंगर दणाणला. लांब्या लाजून वाकला, त्यामुळे पहिल्यांदाच इतरांएवढा दिसला. वकिलाला बोलायला काही सुचेना. तिच्या आजीला हे सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

टाळ्या थांबल्यावर टाचणीने सरांचा फोन मागून घेतला आणि ती टेकाडावर चढली. तिथेच तेवढी रेंज होती. पहिली घंटा पूर्ण वाजायच्या आतच आजोबांनी फोन उचलला.

"बोल गं. थंडी किती होती?"

"उणे सात, आजोबा."

"आणि पोरं? कुणी काकडलं का? खरं सांग."

"कुणीच नाही. एकूण एक घोरत होतं. सर सगळ्यात मोठ्याने."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि एक भली मोठी, लांबलचक जांभई.

"शाबास माझी टाचणी!" आजोबा म्हणाले. "आता ठेव फोन. रात्रभर खुर्चीत बसून होतो. आता मी जरा झोपतो."